दोन नंबरच्या खेळाडूची तक्रार

घरी व्हिडिओ गेमची पेटी बांधायची म्हणून माझ्याकडे येणारा माणूस सगळ्यात आधी दांडीबद्दल, म्हणजे जॉयस्टिकबद्दल, विचारतो. दांडी जपानी घ्यावी की चिनी, बटणं दिव्याची की साधी, स्क्रीन केवढी, वरून सनमायका कोणता. एन्कोडरचा विषय अगदी शेवटी निघतो, आणि तोही "तो एक बारका बोर्ड लागतो ना, तो तुम्हीच टाका" अशा शब्दांत. बटण दाबलं की आतल्या मायक्रोस्विचची दोन टोकं जुळतात आणि एक वायर ग्राउंडला जाते. प्रत्यक्षात घडतं ते एवढंच. ते कॉम्प्युटरला समजेल अशा रीतीने, म्हणजे अमुक की दाबली, अमुक की सोडली असं सांगणारा तळहाताहून लहान बोर्ड म्हणजे कीबोर्ड एन्कोडर. पेटीचं मागचं दार लागलं की तो पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. येरमाळ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवताना या पेट्यांचा नाद लागला, त्याला बरीच वर्षं झाली. या कामातलं जे काही मला नीट कळलं, त्यातलं बहुतेक या बोर्डापाशी कळलं.

आमचं गाव सोलापूर-धुळे महामार्गावर, बालाघाटाच्या रांगेत. येडेश्वरीच्या दर्शनाला येणारे, बार्शीकडे उतरणारे, कळंबला निघालेले असे सगळे इथे थांबतात. नव्वदच्या दशकात थांबणाऱ्या पोरांसाठी व्हिडिओ गेमच्या पेट्या आल्या. एखाद्या टपरीच्या मागे पडदा लावलेला, आत अंधार, जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि दोन दांड्या. खेळ बहुतेक वेळा एकच, मुस्तफा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', काढला कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली. ते साल आमच्या भागात भूकंपाचं म्हणून लक्षात आहे. खेळ इथवर पोचायला आणखी काही वर्षं गेली. त्यात निवडायला चार पात्रं आहेत, पण भारतभर पोरांनी त्यातल्या एकाचंच नाव अख्ख्या खेळाला देऊन टाकलं. एक बटण बुक्कीचं, दुसरं उडीचं, आणि दोन्ही एकदम दाबली तर गोल फिरून मारायचा डाव, ज्याने आपलीही थोडी ताकद कमी व्हायची. 'दोन्ही एकदम' हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

त्या पेट्या दुरुस्तीला माझ्याकडे येत. त्यांचं वायरिंग मला फार आवडायचं. जपानच्या जॅमा या संघटनेने १९८५ च्या सुमारास ठरवून दिलेला ५६ पिनांचा कनेक्टर, वर २८, खाली २८. वीज, स्पीकर, पिक्चर, कॉइन, दांडीच्या चार दिशा, बटणं, प्रत्येकाची जागा ठरलेली. गेमचा बोर्ड काढायचा, दुसरा खोचायचा, झालं. प्रत्येक बटणाला स्वतःची वायर आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंड. एकाच्या बटणाचा दुसऱ्याच्या बटणाशी काही संबंध नाही. दोन पोरं दांड्या पिळत, दोन्ही हातांनी बटणं बडवत, आणि प्रत्येक बुक्की बसायची. त्या काळात एन्कोडर हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती.

मग पेट्या गेल्या. घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले, मागोमाग मोबाईल आला, आणि पडद्यामागचा अंधार रिकामा झाला. पेट्यांचं लाकूड कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला वापरलं. १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने मॅम नावाचं सॉफ्टवेअर सोडलं होतं, जे साध्या कॉम्प्युटरला त्या जुन्या बोर्डांसारखं वागायला लावतं. आमच्याकडे त्याची बातमी उशिरा आली, आणि ती आणली गावाबाहेर शिकायला-नोकरीला गेलेल्या त्याच पोरांनी. पुण्याहून, लातूरहून, एकदा तर दुबईहून आलेला माणूस दुकानात उभा राहून म्हणाला, "मामा, ती पेटी घरी करून द्या. पोराला दाखवायचीय." कॉम्प्युटर पेटीत बसवणं अवघड नव्हतं. अवघड होतं दांडी आणि बटणं त्या कॉम्प्युटरला जोडणं, कारण कॉम्प्युटरच्या मागे छप्पन्न पिनांची जागा नसते. त्याला कीबोर्ड कळतो.

अशीच एक पेटी दुरुस्तीला आली. कुणीतरी हौसेने बांधलेली, काम स्वच्छ. एन्कोडर म्हणून एका जुन्या कीबोर्डातला बोर्ड काढून त्याच्या टोकांना वायरी सोल्डर केल्या होत्या. त्या वेळी हीच पद्धत सगळीकडे चालायची, कारण जुना कीबोर्ड फुकटात मिळतो. मालकाची तक्रार होती की दोन नंबरवर बसणारा हरतो. कुणीही बसवा, दोन नंबरचाच हरतो. शेजारच्या पोराने ती माझ्यासमोर खेळून दाखवली आणि नेमकं सांगितलं, "यानं उडी मारून बुक्की मारली की माझी बुक्की बसंना, मामा." मी दांडी तपासली, स्विच तपासले, मल्टिमीटरवर प्रत्येक वायरची कंटिन्युइटी पाहिली. सगळं ठीक होतं. एकट्याने दोन नंबरवर खेळलं तर एकही बुक्की चुकत नव्हती.

ते कोडं सोडवताना मी पहिल्यांदा कीबोर्ड उघडून नीट पाहिला. शंभरावर की असतात, पण आतल्या चिपला तेवढे पाय नसतात. म्हणून कीबोर्ड बनवणारे आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी करतात, आणि प्रत्येक की म्हणजे एका आडव्या आणि एका उभ्या ओळीचा छेद. चिप एकेक ओळ तपासत जाते. एक की दाबली, दोन दाबल्या, तोवर काही बिघडत नाही. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या तीन की एकदम दाबल्या की मात्र करंट त्या तिघींमधून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यावर पोचतो, आणि चिपला चौथीही दाबल्यासारखी दिसते. ज्याने उसाला रात्री दारं धरली आहेत त्याला हे लगेच समजेल. तीन सऱ्यांची तोंडं उघडी राहिली की ज्या सरीला पाणी सोडलेलंच नाही तिथेही ते मागच्या बाजूने जाऊन पोचतं. कीबोर्डची चिप यावर सोपा उपाय करते. शंका आली की शेवटी दाबलेली की ती मोजतच नाही. टायपिंग करणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण तो अक्षरं एकामागून एक टाकतो. दोन माणसं समोरासमोर झुंजायला लागली की पहिल्या मिनिटात पत्ता लागतो.

तरी दोन नंबरच का? याचं उत्तर मॅमच्या ठरलेल्या कीमध्ये सापडलं. एक नंबरच्या खेळाडूला बाणाच्या चार की आणि बटणांना डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस, डावा शिफ्ट दिलेले असतात. दोन नंबरला दिशांसाठी आर, एफ, डी, जी आणि बटणांसाठी ए, एस, क्यू, डब्ल्यू. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट या की मुळातच दुसऱ्या कीसोबत दाबण्यासाठी असतात, म्हणून कीबोर्ड बनवणारे त्यांना जाळीत वेगळी, मोकळी ओळ देतात. एक नंबरची बुक्की त्या मोकळ्या ओळीवरून बिनधोक जात होती. दोन नंबरच्या दिशा आणि बुक्क्या दाटीवाटीच्या ओळींत एकमेकींत अडकत होत्या. एक नंबरच्याने तिरकी दिशा धरून उडी मारली, म्हणजे दोन बाणही एकदम दाबले, की दोन नंबरच्याची बुक्की चिप टाकून देत होती. ते पोर वाईट खेळत नव्हतं. त्याचा हात बरोबर होता, त्याचं म्हणणं पुढे पोचत नव्हतं.

त्या दिवसापासून मी बोर्डाची निवड उलट्या टोकाने करायला लागलो. बोर्डाच्या खोक्यावर काय छापलंय ते नंतर. आधी खेळणाऱ्याच्या बाजूला उभं राहून मोजायचं, की सगळ्यात गर्दीच्या क्षणी एकदम किती स्विच दाबलेले असतात. मुस्तफामध्ये तिरकी दिशा दोन आणि बटणं दोन, माणशी चार, दोघांचे आठ. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये माणशी सहा बटणं, तीन बुक्कीची, तीन लाथेची. तिथे तिरकी दिशा आणि तीन बटणं धरली तर माणशी पाच, दोघांचे दहा. हा आकडा हातात आला की बोर्डाला नेमका प्रश्न विचारता येतो.

आणि तो प्रश्न विचारला की यूएसबीची मर्यादा समोर येते. साधा यूएसबी कीबोर्ड कॉम्प्युटरला दर वेळी आठ बाइटचा निरोप पाठवतो. त्यातला एक बाइट कंट्रोल-शिफ्ट-ऑल्टसारख्या आठ कीसाठी, एक रिकामा, आणि उरलेले सहा बाइट सहा साध्या कीसाठी. सातव्या कीला जागाच नाही. आतली जाळी कितीही चांगली असो, निरोपाचा कागदच तेवढा. जुन्या गोल पिनेच्या पीएस/२ कीबोर्डला हे बंधन नव्हतं. तो प्रत्येक की दाबल्याची आणि सोडल्याची खबर वेगवेगळी पाठवायचा, म्हणून कितीही की धरून ठेवल्या तरी चालायचं. अजूनही कुणाकडे त्या पोर्टचा जुना कॉम्प्युटर असेल तर तो टाकून देऊ नका असं मी सांगतो. फक्त कॉम्प्युटर चालू असताना ती पिन काढा-घाला करू नये. पोर्ट जाऊ शकतो.

तयार एन्कोडर बनवणाऱ्यांनी या सगळ्याचा विचार फार आधी करून ठेवला होता. इंग्लंडमधल्या अल्टिमार्क कंपनीचा आय-पॅक हा त्यातला नावाजलेला. त्यात जाळी नाही, प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्क्रू, अगदी जुन्या जॅमा पेटीसारखं. मॅमच्या ठरलेल्या की त्यात आधीच भरलेल्या असतात. शिवाय एक नंबरचं स्टार्ट बटण धरून दुसरं बटण दाबलं की त्या बटणाचं दुसरं काम होतं, त्यामुळे खेळातून बाहेर पडायला वेगळं बटण लागत नाही. एका गिऱ्हाइकाने परदेशातल्या भावाकडून मागवलेला असा बोर्ड मी पहिल्यांदा हातात धरला तेव्हा त्याच्या छपाईकडे बराच वेळ बघत बसलो. ज्याला पैशाची अडचण नाही आणि ज्याला बसवून विसरून जायचंय, त्याने हाच घ्यावा. येरमाळ्यात बसून मागवायचा तर पोस्टेज आणि कस्टम धरून बोर्डाची किंमत फुगते, आणि वाट बघावी लागते. लग्नाच्या वाढदिवसाला पेटी पाहिजे म्हणणाऱ्याला थांबायला वेळ नसतो.

दुसऱ्या टोकाला स्वस्तातले चिनी यूएसबी बोर्ड. ते दांडी-बटणांच्या पूर्ण संचासोबतच मिळतात, वायरी आधीच खोचायच्या पिनांसह. ते स्वतःला कीबोर्ड म्हणवत नाहीत, गेमपॅड म्हणवतात, त्यामुळे सहा कीची भानगडच नाही. एकट्याच्या पेटीला ते चांगले चालतात. दोन माणसांच्या पेटीत दोन सारखेच बोर्ड असले की कॉम्प्युटर चालू केल्यावर कोणता एक नंबरचा आणि कोणता दोन नंबरचा, याची कधीकधी अदलाबदल होते. डावीकडे बसलेला दुसऱ्याचाच माणूस चालवायला लागतो. घरातली माणसं चिडतात आणि पेटी नादुरुस्त समजून बंद ठेवतात. कीबोर्ड एन्कोडरमध्ये ए म्हणजे कायम ए, मग कॉम्प्युटर कितीदाही बंद-चालू करा. एवढ्या एका कारणासाठी दोघांच्या पेटीत मी अजून कीबोर्ड एन्कोडरच घालतो. तुम्हाला दिसतील त्या बहुतेक तुलना यावर फार बोलत नाहीत, पण घरात रोज वापरणाऱ्याला हीच गोष्ट सगळ्यात आधी खटकते.

माझ्या कामाला वळण लागलं ते आर्दुइनोमुळे, म्हणजे आपण प्रोग्रॅम लिहू शकतो अशा बोर्डामुळे. इंजिनिअरिंगला असलेला आमच्याकडचा एक मुलगा सुट्टीत कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन आला. त्याच्याकडे एटीमेगा३२यू४ या चिपचा बोर्ड होता. लिओनार्डो आणि त्याचं बारकं रूप प्रो मायक्रो, या दोन्हीत तीच चिप असते. आर्दुइनोचाच जुना साधा उनो घेतला तर तो आपण कीबोर्ड आहोत असं सरळ सांगू शकत नाही. ही चिप सांगू शकते. म्हणजे कोणत्या पिनेवर कोणती की, हे आपणच लिहायचं. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे बोर्ड मिळतात, ऑनलाइन मागवले तर चार-आठ दिवसांत गावात येतात.

त्याने बांधलेल्या पॅनलवर गावातली पोरं खेळली आणि एकाने दांडी सोडून दिली. म्हणाला, "बुक्की उशिरा लागतीय." प्रोजेक्ट करणाऱ्याला ते पटेना, त्याच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी त्याला प्रोग्रॅम दाखवायला सांगितलं. मायक्रोस्विच दाबला की आतली पत्ती काही मिलिसेकंद थरथरते आणि एका दाबाचे दोन-तीन दाब मोजले जाऊ शकतात. ते टाळायला थोडं थांबून पुन्हा वाचायचं असतं, त्याला डिबाउन्स म्हणतात. त्याने त्यासाठी ५० मिलिसेकंदांचा थांबा टाकला होता. हे जुने खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. ५० म्हणजे तीन चित्रं. समोरच्याची बुक्की येताना दिसल्यावर वाचायला जेवढा वेळ मिळतो, त्यातली तीन चित्रं या बोर्डानेच खाऊन टाकली होती. थांबा पाचवर आणला आणि ते पोर परत दांडीला चिकटलं. त्याला मिलिसेकंद हा शब्द येत नव्हता. त्याच्या अंगठ्याला येत होता. तेव्हापासून कोणताही बोर्ड पसंत करण्याआधी मी तो चांगल्या खेळणाऱ्या पोराच्या हाताखाली देतो आणि गप्प उभा राहतो. तो जे सांगेल ते मीटरपेक्षा आधी खरं धरतो.

आर्दुइनोच्या नेहमीच्या कीबोर्ड लायब्ररीतही सहा साध्या कीचीच जागा आहे, हे त्या मुलाला आणि मला सोबतच कळलं. त्यावर एचआयडी-प्रोजेक्ट नावाची दुसरी लायब्ररी आहे, तिच्यात हव्या तेवढ्या की एकदम पाठवता येतात. पण आम्हाला त्याहून सोपा मार्ग सापडला. प्रो मायक्रोला वापरता येण्याजोग्या १८ पिना. एका खेळाडूचा हिशोब चार दिशा, सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन, म्हणजे १२. दोघांचे २४ एका बोर्डावर मावत नाहीत, म्हणून प्रत्येकाला आपापला बोर्ड दिला. कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड जोडलेले दिसतात आणि दोघांचेही निरोप तो घेतो. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला सहा कीची पूर्ण जागा एकट्याची मिळते, आणि त्याला एकदम लागतात जास्तीत जास्त पाच. एक नंबरच्याच्या गर्दीत दोन नंबरच्याची बुक्की हरवायचा प्रश्नच संपला. दोन बोर्ड मिळूनही खर्च परदेशी एन्कोडरपेक्षा बराच कमी. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड आला, त्याला वापरता येण्याजोग्या २६ पिना आहेत, म्हणजे दोघांचे २४ एकावरच बसतात. तरी मी दोघांना दोन बोर्डच देतो. एक बिघडला तर दुसरा खेळत राहतो, आणि बिघाड शोधायला बोर्डांची अदलाबदल केली की पाच मिनिटांत कळतं.

बोर्डाची खरी कसोटी मात्र यात्रेत लागली. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे जाते आणि लोक चुनखडी वेचतात. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. एका पाळणेवाल्याने तंबूत ठेवायला पेटी मागितली. वीज जनरेटरची, अर्थिंग नावालाही नाही, ऊन डोक्यावर आणि पांढरी धूळ सगळीकडे. घरी नीट चालणारी पेटी तिथे कुणी हात लावलेला नसताना उड्या मारायला लागली. आर्दुइनोच्या पिनेला आतून एक रेझिस्टर असतो जो बटण दाबलेलं नसताना पिनेला वर धरून ठेवतो. तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे धर तशी सैल. लांब वायरी, शेजारी जनरेटर आणि पाळण्याची मोटार, एवढ्या गोंगाटात ती पिन डगमगत होती. बाहेरून ४.७ किलोओहमचे रेझिस्टर टाकले, वायरी आखूड केल्या, ग्राउंडची वायर प्रत्येक बटणावरून फिरवून दोन्ही टोकांनी बोर्डाला आणली, आणि पेटीसाठी जमिनीत स्वतंत्र सळई ठोकून अर्थ दिला. उड्या थांबल्या. लोखंडी पट्टीला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्या त्याही थांबल्या, जे खेळण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं, कारण यात्रेतली पोरं अनवाणी असतात. घरच्या पेटीतही आता मी बाहेरचे रेझिस्टर सोडत नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेला मागून वायरच नसते.

विंडोजवर चालणाऱ्या पेटीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एक नंबरच्याची बटणं कंट्रोल, ऑल्ट, स्पेस आणि शिफ्ट. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज स्टिकी कीजची खिडकी उघडतं. ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबले की खिडकीचा मेनू उघडू शकतो. खेळाच्या भरात हे दोन्ही होतं आणि रंगात आलेला डाव मध्येच थांबतो. सेटिंगमध्ये जाऊन स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करता येतो, किंवा एन्कोडर आपण लिहिलेला असेल तर त्या की टाळून दुसऱ्या देता येतात. गिऱ्हाइकांसाठी मी दुसरा मार्ग धरतो, कारण पेटीतला कॉम्प्युटर कधीतरी बदलला जातो आणि तेव्हा सेटिंग कुणाच्या लक्षात राहत नाही.

ही स्टिकी कीज कशासाठी असते हे मला बराच काळ ठाऊक नव्हतं. ज्याला दोन की एकदम दाबता येत नाहीत, त्याला एक दाबून सोडून मग दुसरी दाबता यावी म्हणून ती आहे. हे समजलं ते जवळच्या एका गावातल्या शाळकरी मुलामुळे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची आत्या शाळेत शिकवते. तिने दुकानात लावलेल्या पॅनलवरचं मोठं बटण दाबून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे कॉम्प्युटरला लागतं का? आमच्या लेकराला कीबोर्डवरची बटणं बारीक पडतात." मी सांगितलं, लागतं. मग त्याच्या घरी गेलो. त्याचा हात बटणावर येताना थरथरायचा, बटणाला दोन-तीनदा लागायचा आणि मग स्थिर व्हायचा. पेटीसाठी लिहिलेला पाच मिलिसेकंदांचा डिबाउन्स त्याच्या उपयोगाचा नव्हता. तो प्रत्येक थरथर वेगळी मोजायचा आणि एका अक्षराची चार अक्षरं व्हायची.

त्याच्यासाठी मी प्रोग्रॅम उलटा लिहिला. हात बटणावर थोडा वेळ टिकला तरच दाब मोजायचा, आणि एक दाब मोजला की पुढचा अर्धा सेकंद काही ऐकायचंच नाही. तो थांबा किती हवा हे त्याच्या शेजारी बसून, त्याला विचारून, हळूहळू कमी-जास्त करत ठरवलं. हातभर फळीवर पाच मोठी घुमटाकार बटणं, चार दिशा आणि एक एन्टर. पहिल्या दिवशी त्याने त्यावर एक साधा गाडीचा खेळ खेळला. पुढे त्याच फळीवरून तो पडद्यावरचा कीबोर्ड वापरून लिहायला लागला. बाजारात अशी साधनं आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, त्याच्या मागे वेगवेगळी बटणं जोडायला १९ जॅक आहेत. पण ते येरमाळ्याच्या आसपास कुणाच्या घरी मी पाहिलेलं नाही. त्या घरात जाऊन आल्यापासून एन्कोडर निवडताना मी एक अट वाढवली आहे. बोर्ड असा हवा, की आतला प्रोग्रॅम उघडून माणसाच्या हाताप्रमाणे बदलता आला पाहिजे. कारखान्यातून पक्का होऊन आलेला बोर्ड कितीही वेगवान असला तरी तो एका ठरावीक हातासाठी बनलेला असतो. चपळ पोराला पाच मिलिसेकंद हवेत, या मुलाला त्याच्या कितीतरी पट, आणि दोघांचाही हात बरोबरच आहे.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो, कारण इथे बहुतेकांचा वेळ जातो. मायक्रोस्विचला तीन टोकं असतात, कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज. वायर कॉमन आणि नॉर्मली ओपनला. तिसऱ्याला लावली तर बटण न दाबताच दाबलेलं दिसतं. स्विचवर थेट सोल्डर मारू नये, थिंबल क्रिम्प करून खोचावी, म्हणजे खराब स्विच एका मिनिटात बदलता येतो. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहावं. पेटी बंद करण्याआधी नोटपॅड उघडावं, दोन माणसं बसवावी, दोघांनी तिरकी दिशा आणि कंट्रोल-ऑल्ट सोडून गर्दीच्या क्षणी लागतात तेवढी बटणं धरून ठेवावी आणि तेवढ्यात तिसऱ्याने एकेक बटण सोडून-दाबून पाहावं. अक्षर उमटलं नाही तर खेळातही बुक्की बसणार नाही. फक्त कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि बाण नोटपॅडमध्ये उमटत नाहीत, ते मॅममध्येच पाहावे लागतात.

सध्या हातात एक तिघांचं पॅनल आहे. मुस्तफा मुळात तिघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. आमच्या पडद्यामागच्या पेट्यांना दोनच दांड्या असायच्या, त्यामुळे तिसरा पोरगा कायम पाठीमागे उभा राहून सूचना द्यायचा. तसे तिघं मित्र, आता तिघांची तीन गावं, त्यांनी वर्गणी काढून हे काम दिलंय. मॅम तिसऱ्या खेळाडूला आय, जे, के, एल या दिशा देतं, बटणांना उजवा कंट्रोल आणि उजवा शिफ्ट, स्टार्टला ३ आणि कॉइनला ७. तिघांना तीन बोर्ड घातले आहेत, नोटपॅडवर आणि मॅमवर तिन्ही तपासून झाले, आणि पाठीमागे उभा राहणाऱ्याला मधली दांडी द्यायची असं बाकीच्या दोघांनी ठरवलंय. फळी किती रुंद घ्यावी, यावर मात्र रोज फोन चालू आहेत. तिघंही आता अंगाने भरलेत, आणि कोपराला कोपर लागू नये एवढी फळी घेतली तर ती ज्या खोलीत ठेवायची तिच्या दारातून आत जात नाही.